बोटभर जास्त

तुम्ही शेवटचे बूट घेतलेत तेव्हा तुमचा पाय कुठे होता? दुकानात होता की घरी? हसू नका, सांगा. कारण अलाबामातल्या आमच्या टॅलो क्रीकमध्ये दुकानात पाय जायचे ते गोऱ्यांचे. आम्हा काळ्यांच्या पायाचा नुसता कागद जायचा.

वाणसामानाची खाकी पिशवी फाडून जमिनीवर पसरायची, लेकराला तिच्यावर उभं करायचं, पायाभोवती पेन्सिल फिरवायची आणि कात्रीने कापून घ्यायचं. तो कागद घेऊन बोळातल्या मागच्या दाराने प्रुइटच्या दुकानात. प्रुइटचा माणूस कागद बुटात सरकवायचा. चुरगळला नाही की झालं माप. पुढच्या भागात लाल कातड्याच्या खुर्च्या होत्या, तिथे गोऱ्यांच्या पोरांपुढे तोच माणूस गुडघा टेकून बसायचा. आमचा पाय बुटात गेला तर बुटाला विटाळ! आमच्या हातचं जेवून धष्टपुष्ट झालेली ही माणसं, त्यांना आमच्या पायाचा विटाळ.

ओझेला बॅटलच्या आईने तिच्या पायाचा कागद अगदी काटेकोर काढला होता. पाय वाढला, बूट वाढला नाही. ओझेलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढली ती जन्माची. म्हणून तिने लेकीसाठी, व्हर्लीनसाठी, आपला नियम केला: पेन्सिल बोटभर बाहेरून फिरवायची. "मोठ्या बुटात कापूस कोंबता येतो," ती म्हणायची, "लहान बुटात पाय मोडतो." आणि एक स्वप्न तिने दातात धरून ठेवलं होतं. कधीतरी आपली पोरगी त्या लाल खुर्चीत बसेल आणि तो माणूस तिच्या पायाशी वाकेल.

बासष्ट सालच्या ईस्टरला आमच्या चर्चमध्ये ठरलं, पुढचं दार आम्हाला उघडत नाही तोवर मेन स्ट्रीटवरच्या गोऱ्यांच्या दुकानांतून कुणी काही घ्यायचं नाही. ईस्टरला पोरीच्या पायात नवे पांढरे बूट नसले तर आमच्यात आईची मान खाली जाते. तरी सगळ्यांनी जुन्याच कपड्यांना इस्त्री केली. ओझेला लाँड्रीतलं काम आटोपून बाकीच्यांबरोबर प्रुइटच्या कोपऱ्यावर निषेधाची पाटी धरून उभी राहायची. तिची जीभ आधीच तिखट, त्या दिवसांत तर विस्तवच. एके दुपारी बोळातून आयडेला क्रेनशॉ बाहेर आली, शालीखाली बुटांचं खोकं दडवून.

"काय गं मावशी," ओझेला भररस्त्यात ओरडली, "पोटाशी काय धरलंयस? या वयात दिवस गेले की काय?"

पाट्या धरलेली सगळी रांग खदखदली.

"नातीसाठी गं. पहिल्यांदाच चर्चमध्ये पुढे उभी राहून गाणार आहे."

"तिचे पाय झाकलेस आणि आमची लाज उघडी टाकलीस. जा, मिरव!"

आयडेला रडत गेली. त्यानंतरच्या रविवारी ती चर्चमध्ये दिसली नाही.

व्हर्लीन सोळाची. आईइतकीच फटकळ, पण हसरी.

"आई, तू नुसती बाहेरून ओरडतेस. आत जाऊन बसायला काय लागतं?"

"हिंमत लागते. आणि अक्कल नसावी लागते."

"मग झालं की! दोन्ही तुझ्याकडूनच घेतलंय."

ईस्टरच्या आदल्या शनिवारी ती पुढच्या दाराने आत गेली आणि लाल खुर्चीत बसली. ओझेला काचेतून बघत होती. दार उघडंच होतं, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"माप घ्या," पोरगी म्हणाली. "या वेळी पायच आणलाय."

"ऊठ तिथून."

"उठते की. माप झालं की उठते."

तिने हात उगारला नाही, शिवी दिली नाही. पोलीस आले, दंडाला धरून तिला फरफटत नेलं. दाराशी पोचेपर्यंत डाव्या पायातला बूट निसटला. त्यातला कापसाचा बोळा गडगडत बाहेर पायरीवर आला. बूट आतच राहिला. प्रुइटच्या माणसाने तो रुमालात धरून उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा, आणि मागे नेला.

कोठडीत पहारेकरी जमिनीवर नळीने पाणी सोडायचे, धरून आणलेल्या पोरी झोपू नयेत म्हणून. व्हर्लीन त्या ओल्या सिमेंटवर एका अनवाणी पायाने उभी होती. सुटून आली ती खोकत, अंगात फणफणून ताप. सरकारी दवाखान्यातली आमची खोली भरलेली. पलीकडच्या गोऱ्यांच्या खोलीत रिकाम्या खाटा ओझेलाला दिसत होत्या. पोरीला पाठीवर घेऊन ती घरी आली.

"आई," व्हर्लीन शेवटी म्हणाली, "खुर्ची मऊ होती गं."

त्याच रात्री ती गेली.

पोरीला घरीच निजवलं होतं. शवपेटीवाला लिअँडर मॉस तिला घालायचे कपडे मागायला आला. पांढरा झगा घेतला, हातमोजे घेतले आणि थांबला.

"बूट, ताई?"

"एकच आहे."

"कमरेखाली पेटी झाकलेलीच असते. कुणाला दिसणार आहे?"

"मला."

प्रुइटकडे आमचीच एक बाई स्वयंपाकाला होती. तिच्या हाती त्याने निरोप धाडला: मागच्या दाराने ये, बूट घेऊन जा. नवी पांढरी जोडी पण देतो. ओझेलाने उलटा निरोप दिला, "सांग त्याला, पोरगी पुढच्या दाराने आत गेली होती. बूट पुढच्याच दाराने बाहेर येईल."

आणि ती स्वतः गेली, उजवा बूट हातात घेऊन. तिला पाहताच प्रुइटच्या माणसाने पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि काचेआडून बोळाकडे बोट दाखवलं.

पोटच्या पोरीपुढे तत्त्व काय हो? ओझेलाचे पाय बोळाकडे वळले. खोटं कशाला सांगू, वळले. बोळाच्या तोंडाशी ती पोचली. आयडेलाला तिने जिथे उभं सोललं होतं, नेमक्या त्या जागी तिचे पाय थांबले. आता इथून आत जायचं आणि शालीखाली बूट दडवून बाहेर यायचं? ती तशीच, हातात तो एकच बूट घेऊन परत फिरली.

घरी आयडेला बसली होती. मांडीवर तेच खोकं.

"नातीला घालूच दिले नाहीत," ती म्हणाली. "तुझं बोलणं लागलं गं मला. कोरे आहेत. पोरीला घाल."

"मावशी, त्या दिवशी मी..."

"राहू दे. ते आता नको."

ओझेलाने कपड्यांच्या ट्रंकेतून व्हर्लीनच्या पायाचा कागद काढला आणि पांढऱ्या बुटात सरकवला. तो टाचेपाशी चुरगळला. नातीचा पाय लहान होता. मग तिने तो कागद पोरीच्या उघड्या तळव्याला लावून पाहिला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"बोटभर जास्त, मावशी. मीच काढला. नेमका काढला असता तर बूट निसटला नसता."

"नेमका काढला असता तर पाय मोडला असता पोरीचा. तुझ्यासारखा."

"मोडू द्यायचा होता! मोडका पाय घेऊन इथे बसली असती ना माझ्यापुढे!"

आयडेला उठली. तिने कोमट पाणी आणलं आणि दोघींनी मिळून पोरीचे पाय धुतले. व्हर्लीनला पुरलं ते उजव्या पायात बूट घालून. डावा पाय उघडाच.

पुढे प्रुइटच्या दारावरची 'फक्त गोऱ्यांसाठी' ही पाटी उतरली. आता त्या खुर्च्यांत आमची पोरं बसतात, पाय हलवतात, चॉकलेटं खातात. ओझेला त्यांत कधी बसली नाही. दर ईस्टरला पुढच्या दाराने आत जायची, उभ्यानेच व्हर्लीनचा बूट मागायची. "असला बूट इथे नाही," दुकानातले म्हणायचे. ती म्हणायची, "बरं. पुढच्या ईस्टरला येते." यंदा तिचे पाय उचलत नाहीत. आयडेला मावशीही राहिली नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. टॅलो क्रीकवरून कधी जाणं झालं तर प्रुइटच्या दुकानात जा. पुढच्या दाराने जा. खुर्चीत बसा, आणि माणूस माप घ्यायला वाकला की त्याच्याकडे मागा: डाव्या पायाचा काळा बूट, पायापेक्षा बोटभर मोठा, ओझेला बॅटलच्या पोरीचा. नाही म्हणाला तर उठू नका.