गाभण मेंढ्या माघारी

कत्तलखान्याच्या फाटकाशी पारखीण उभी असायची. हे नाव आतल्या बायकांनीच पाडलेलं. ट्रकमधून उतरणाऱ्या मेंढीच्या पोटाखाली हात घालायचा, गाभण लागली की पाठीवर खडूची रेघ ओढायची आणि तिला माघारी धाडायचं, एवढंच तिचं काम. पण त्या कामात ती कोणाच्या बापाला ऐकत नसे.

परदेशातून बोटीने येणाऱ्या मेंढ्यांवर सरकारने जबर कर बसवला आणि आत कापणीच्या टेबलांवर माशा मारायची वेळ आली. कामाच्या दोन पाळ्यांची एक झाली. हा कर बसावा म्हणून मोर्चात सगळ्यांच्या पुढे घसा फोडणारा गृहस्थ म्हणजे तिचा सख्खा दीर. त्याचा मेंढ्यांचा कळप होता. "आता आपल्या मालाला भाव येणार," असं तो तिच्याच घरात, तिच्याच हातचं जेवत सांगायचा. तिच्या पाळीचं काय, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. नवरा बसल्या बसल्या मान डोलवायचा. तिला दोघांचाही संताप यायचा.

भाव खरंच आला, आणि तो बघून या शहाण्याची अक्कल चरायला गेली. एका सकाळी त्याने ट्रक भरून माद्याच आणल्या. तिने पहिलीच्या पोटाखाली हात घातला. गाभण. दुसरीही गाभण. रेघा ओढून ओढून तिचा खडू झिजला.

"भाऊजी, या विकल्यावर पुढच्या वर्षी काय विकणार?"

"पुढच्या वर्षी हा भाव राहील कशावरून? वहिनी, तू पोटं बघ, मला धंदा शिकवू नकोस. पूस त्या रेघा."

मुकादम धावत आला. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आज एवढी डोळेझाक कर. आत एक जनावर नाही. हा ट्रक माघारी गेला तर बायकांना घरी पाठवावं लागेल."

बायका जाळीमागे सुऱ्या घेऊन उभ्याच होत्या. तिने तिकडे बघायचं टाळलं. बोटी बंद झाल्या होत्या. पुढच्या वर्षी टेबलं चालायची ती याच पोटातल्या कोकरांवर. तीही आज कापली, की तिचं आणि त्या सगळ्यांचं काम कायमचं गेलं.

"माघारी," ती म्हणाली.

दीर जाताना तिच्या पायाशी थुंकला. पाळी रद्द झाली. घरी जाताना बायकांपैकी एकीनेही तिला हाक मारली नाही.

संध्याकाळी सासूने बातमी दिली. "पलीकडच्या कत्तलखान्यात घेतल्या सगळ्या. तिथे कोणी पोट चाचपत नाही म्हणे. तू मात्र घरात वैर आणलंस." नवऱ्याने तोंड फिरवलं. तिने समोरचं ताट बाजूला सारलं. एकही कोकरू वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने तिला फाटकाशी उभंच राहू दिलं नाही. "आता इथेही पोट बघणं बंद. नाहीतर सगळा माल तिकडे जाईल. आत कोणी सामावून घेतंय का विचार."

ती आत गेली. सकाळचा माल पोटं न बघताच आत घेतला होता, टेबलावर काम सुरू होतं. जिच्याबरोबर तिने इतकी वर्षं डबा खाल्ला, तिच्याजवळ जाऊन ती म्हणाली, "काल मी केलं ते तुमच्यासाठीच गं."

मैत्रिणीने सुरी थांबवली नाही.

"आम्हाला विचारलं होतंस?"