शनिवारचा मेंदूचा वर्ग

खडूचं टोक कानशिलावर टेकवून सर विचारायचे, "अठी कोन रायते?" अठी म्हणजे इथं. वर्गात कुणी म्हणे मन, कुणी म्हणे आत्मा. एकजण म्हणाला, "भाडेकरू!" सर सगळ्यांनाच मान डोलवत. दिवस संपेपर्यंत त्यांच्या उजव्या कानशिलावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी होई आणि ते तसेच सायकलवर टांग टाकून बाजाराला जात. नवख्या माणसाला वाटे, हे गृहस्थ कुठल्या तरी लग्नातून अक्षता घेऊन निघालेत.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा मास्तर असेल, ज्याचं अर्धं काम नेमून दिलेलं आणि अर्धं त्यानंच अंगावर ओढून घेतलेलं. सरांना नेमून दिलेलं प्राणिशास्त्र. ओढून घेतलेला, शनिवारचा मेंदूचा वर्ग. आणीबाणी उठून तीन-चार वर्षं झाली असतील. भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान कॉलेजात मी प्रयोगशाळेचा शिपाई होतो. मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. सहावीत शाळा सुटली. मामा चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत होते म्हणून इतक्या लांब आलो, आणि खाणीत उतरायची भीती वाटली म्हणून कॉलेजला चिकटलो. भीती मला सगळ्याचीच वाटायची. काचेची नळी हातात घेतली की ती फुटल्याचा आवाज आधीच कानात येई.

सर मला 'दर्यावाले' म्हणत. तीस वर्षांच्या शिपायाला अहो-जाहो करणारा तो तिथला एकटा माणूस.

शनिवारी दुपारी तीन विभागांची पोरं तिन्ही बाजूंनी येत. प्राणिशास्त्राची बेडूक आणत. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, त्यांना तोटा नव्हता. पदार्थविज्ञानाची तारा आणि सेल आणत. मानसशास्त्राची नुसते प्रश्न आणत. बेडकाचा सुटा पाय तारेनं थरथरला की तिन्ही खाती एकदम ओरडत. मी दाराशी उभा असे. एकदा सर म्हणाले, "काहो दर्यावाले, दाराले टेका द्यून राहिले काय? बसा ना." तेव्हापासून मी शेवटच्या स्टुलावर बसू लागलो.

बोकडाची डोकी खाटिकाकडून येत. कवटी फोडून मेंदू अखंड काढायचं काम माझं. लहानपणी खाडीत कालवं फोडलेली, तो हात तिथं उपयोगी पडला. पंचाईत होती पुढची. मेंदू टिकवायला फॉर्मलीन लागतं आणि ते महिनोन्महिने येत नसे. सरांनी तोड काढली: मोहाची पहिल्या धारेची दारू. त्यात मेंदू छान घट्ट होई. सर स्वतः माळकरी. "तुमीच जा," म्हणाले. "मी गेलो तं गावभर दवंडी होईन." मी पिशवीत बाटली घालून वर कोथिंबिरीच्या दोन जुड्या ठेवून येत असे. प्रयोगशाळेत इतकी कोथिंबीर कशाला लागते, हे मला कुणी विचारलं नाही, पण रोज वाटे की आज विचारणार.

हा वर्ग जादा विषय म्हणून मान्य व्हावा, पोरांच्या गुणपत्रिकेवर त्याची एक ओळ यावी, यासाठी सरांनी विद्यापीठाला अर्ज केला होता. मान्यता नाही मिळाली तर सर शनिवारचा वर्ग बंद करतील, असं मला वाटे. मग मी कुठं बसणार?

एके दिवशी कळलं, उद्या विद्यापीठाचे साहेब पाहायला येणार. सर मोहाडीला गेलेले. प्राचार्य प्रयोगशाळेत डोकावले, नाक वर केलं आणि म्हणाले, "हा काय गुत्ता हाये?"

माझं धाबं दणाणलं. बरणीतला मेंदू बाहेर काढला, तीनदा धुतला. आता हा राहणार कशात? आमच्याकडे बांगडा कशात राहतो तेच सुचलं. मिठात दाबून ठेवला.

सकाळी उघडला तर पेरूएवढा मेंदू लिंबाएवढा झालेला. करडा, कडक, सुरकुतलेला. सर आले, वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"हे काय केलं बाप्पा तुमी?"

"सर, वास जायला… आमच्याकडे मासे…"

सर आधी गालात हसले, मग स्टूल धरून हसले. "अरे, ह्याचं तं लोणचं केलं!" मग चिमट्यानं एक घडी उघडून पाहू लागले. "पन घड्या पाहा कशा मोकळ्या झाल्या. दर्यावाले, हाच ठेवा टेबलावर."

साहेबांनी तोच उचलला. "ही कोणाची पद्धत?"

"आमच्या दर्यावाल्याची," सर म्हणाले.

साहेबांनी मला विचारलं, "शिक्षण?"

"सहावी, साहेब."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बुडवला मी वर्ग, असं मनात आलं.

मग त्यांनी मानसशास्त्राच्या पोरीला उभं केलं. लाखनीकडची, शेतकऱ्याची मुलगी. "कला शाखेच्या विद्यार्थिनीला हे कशाला?"

"साहेब, ह्या वर्गानं मी वाचली," ती म्हणाली. "माह्या बाबाले लकवा झाला. तवापासून एकच बोल निंगते, 'हो ना'. जेवले काय, हो ना. उपाशी हाये काय, हो ना. पाव्हणे मले पाहाले आले, बाबाले पुसलं, पोरगी देता काय? बाबा म्हनाले, हो ना. ते नारळ ठिवून गेले!"

प्राचार्यसुद्धा हसले. ती पुढं सांगू लागली, "मग मी वर्गात सांगतलं तं सर आले घरी. पाव्हण्याइले बोलावलं आन् बाबाले पुसलं, घर इकता काय? हो ना. बैल इकता काय? हो ना. तवा पाव्हण्याइनं नारळ उचलला."

साहेब डोळे पुसत म्हणाले, "पण हा विषय नेमका कोणत्या विभागाचा?"

सर म्हणाले, "साहेब, बाप पडला तं पोरीनं कोन्त्या विभागात जावं?"

साहेबांनी चहा घेतला, आनंदानं गेले. दोन महिन्यांनी पत्र आलं. उपक्रम स्तुत्य, परंतु कोणत्याही एका विभागात बसत नसल्यानं मान्यता देता येत नाही. सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात टाकलं.

"सर, माझ्या सहावीमुळं तर…"

"येडे झाले काय? शनिवार तं नाही नेला ना त्याइनं?"

वर्ग चालत राहिला. पुढल्या वर्षी ऐन सत्रात संस्थेनं सरांची दुसऱ्या गावच्या कॉलेजात बदली केली. शुक्रवारी ते सायकल एसटीच्या टपावर चढवून गेले. पुन्हा गाठ पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं प्रयोगशाळा उघडली, स्टुलं पुसली. आता कुलूप लावावं म्हणून उठलो तर पोरं येताना दिसली, तिन्ही बाजूंनी. येऊन आपापल्या जागी बसली.

"सर गेले," मी म्हणालो.

"माहीत हाये," लाखनीची पोरगी म्हणाली. "काका, तुमी दाखवा."

"मी? अगं, मी सहावी…"

"मग? मेंदू काढता तं तुमीच ना?"

कुणी हसलं नाही. वह्या उघडल्याचा आवाज झाला. मी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. आणि शेवटचं स्टूल तसंच रिकामं सोडून टेबलाच्या त्या बाजूला जाऊन उभा राहिलो.