चादरीचा कापलेला कोपरा

साहेब म्हणत्यात ती केस त्यास्नी आजबी आठवती. मला बी आठवती की. पोलिसांची जीप गल्लीतनं गेली तर अजून मी दाराला कडी घालतो, पण हे लिवणार.

पोलीस खात्यातनं रिटायर झाल्यापास्नं साहेब रविवारच्या पेपरात आपल्या नोकरीतल्या केसी लिवत्यात. कुणाचं नाव घेत न्हाईत, चांगलं हाय. मागच्या रविवारी जोतिबाच्या खोट्या भक्त निवासाची केस आली. त्यात मी हाय. "एक अर्धशिक्षित, घाबरलेली तरुण आई, जिच्या नावावर ती वेबसाइट होती." बास, एवढीच. ती काय बोलली, तिचं पुढं काय झालं, काय न्हाई. त्याफुडं सगळं "आमच्या पथकाने". म्हणून हे माझ्याच वेबसाइटवर टाकतोय, हितं कोण कापाय येत न्हाई. आन् घरात बसून वेबसाइटी करणाऱ्या पोरींनो, तुमच्यासाठी बी टाकतोय, कारण माझ्या दारात आली तशी जीप उद्या तुमच्या दारात येईल. (भायेरगावच्यांनी हसू नगा, आमच्याकडं बायका बी "मी आलो, मी गेलो"च म्हणत्यात.)

माझं माहेर कोडोली, दिलंय राजारामपुरीत. बारावी अर्ध्यात सुटली. लगीन झाल्यावर जवळच्या क्लासात कॉम्प्युटर शिकलो, आमचं मालक फौंड्रीत कामाला, त्यांनी तिथल्या हापिसातला जुना कॉम्प्युटर आणून दिला आन् मी लागलो वेबसाइटी करायला. चपलाच्या दुकानाची केली, दातांच्या दवाखान्याची केली, एका गुळाच्या व्यापाऱ्याची केली. पोरगं मांडीवर, एका हातात माऊस. सासू म्हणायची, "त्या डबड्यात तोंड घालून बसतीस, पोराचं डोळं जातील की." शेजारीण इचारायची, "दिवसभर घरात बसून करतीस तरी काय गं?" घरात बसून! वढून बसवावं वाटायचं तिला माझ्या खुर्चीत.

चैत्राच्या यात्रेआधी एक पावणा आला. पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल, बोलणं साखरेगत. "अक्का, जोतिबाच्या पायथ्याला भक्त निवास बांधलंय. लांबच्या लोकास्नी घरबसल्या खोली मिळाली पायजे, वेबसाइट करून द्या." फोटोंची सीडी दिली. मी इचारलं, वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर घेऊ? ते इंटरनेटवर कुणाच्या तरी नावा-पत्त्यानं घ्यावं लागतंय, जमिनीच्या उताऱ्यागत. तर म्हणतोय कसा, "अक्का, मला त्यातलं काय कळतंय? असूद्या की तुमच्याच नावावर." आन् मी घेतलं. तवा समदेच तसं करायचे, क्लासच्या सरांनी बी तसंच शिकवलतं. गिऱ्हाइकाला ईमेल नसायचा, मग आपलाच टाकायचा, आपलाच पत्ता टाकायचा, काम मोकळं. पोरींनो, हे करू नगा. गिऱ्हाईक कितीबी गोड बोलूद्या, त्याला शेजारी बसवा, त्याचा ईमेल उघडून द्या, त्याचं नाव, त्याचा पत्ता त्याच्याच म्होरं टाका. जो नाव द्यायला कां कूं करतोय त्याला चहा पाजा आन् वाटंला लावा.

आता फोटोंचं सांगतो, कारण फुडं त्याच्यावरच समदं हाय. गिऱ्हाइकांचं फोटो कवाच सरळ नसत्यात. कोपऱ्यात बादली, दोरीवर टॉवेल, कुणाचा तरी पाय. म्हणून मी कडा कापतो, बारीक करतो आन् मगच साइटवर चढवतो, न्हाईतर तवाच्या इंटरनेटवर फोटो उघडेपातूर माणूस जेवून यायचा. पण आलेला आक्खा फोटो मी कवा टाकून देत न्हाई. सीडी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, पोराच्या बाळगुटीसंगं. हात लावायचा न्हाई कुणी.

यात्रा झाली. भायेरगावची माणसं जोतिबाला आली, भक्त निवास हुडकत पायथ्याला फिरली, तर तिथं काय? निस्ता माळ. खोल्यांचं पैसं आधीच बँकेत भरलेलं, आन् ते खातं बी फुडं खोट्या नावाचं निघालं. त्यातल्या कुणीतरी नेट कॅफेत जाऊन रडगाणं गायलं, आन् कॅफेवाला म्हणला, थांबा, वेबसाइट कुणाच्या नावावर हाय ते हितनंच दिसतंय. दिसलंच की. माझं नाव, माझी गल्ली. ते घेऊन माणसं फिर्याद द्यायला गेली.

भर दुपारी पोराला तेल लावत हुतो. जीप आली. दोघं पोलीस आन् एक बाई पोलीस, तिला मी मॅडम म्हणतो. पंचनामा केला, समोरचा किराणावाला पंच म्हणून सही करायला आला आन् माझ्याकडं बघंना. कॉम्प्युटर चादरीत बांधला. गल्ली समदी दारात. शेजारीण म्हणाली, "तरी मी म्हणतोय, ही घरात बसून करती काय!" मालक पाळीवर. पोराला उचललं आन् जीपमधी बसलो. अंगावरचं दूध भीतीनं आटलं का काय असं वाटाय लागलं.

ठाण्यात साहेब बसलंते. पुण्याकडचं, शुद्ध बोलायचं.

"नाव तुझं, पत्ता तुझा, ईमेल तुझा. माणूस कुठंय?"

"मला ठाव न्हाई सायेब. त्यो दोनदा आला. फोन लावला तर आता लागत न्हाई."

"नवरा काय करतो?"

"त्याचा काय संबंध? फौंड्रीत हाय त्यो. साइट मी केलीया."

"म्हणजे कबूल आहे."

"केली म्हंजे बांधली. सायेब, गवंड्यानं खोली बांधली आन् भाडेकरूनं आत दारू गाळली, तर गवंड्याला आत टाकता व्हय?"

साहेब हसलं न्हाईत. म्हणाले, "गवंडी उतारा स्वतःच्या नावावर करून घेत नाही, बाई. पोराला सासूकडं पाठव. माणूस सापडला नाही तर तू सहआरोपी."

बरूबरच हाय की ते. पोरगं अंगावर पीत हुतं. मी त्याला एवढं आवळलं की ते रडाय लागलं. आत टाकलं तर ह्यो काय पिणार, एवढंच डोक्यात. बाकी काय न्हाई, अब्रू न्हाई, काय न्हाई.

बाकावर लातूरकडचा एक म्हातारा बसलाता, फिर्यादीपैकी. पागोट्यावर अजून गुलाल. ओरडला न्हाई, हळूच म्हणला, "लेकी, तू फोटू लावलेस म्हणून आम्ही आलो. नातवंडं झाडाखाली झोपली." जोतिबाचा डोंगर माझ्या माहेराच्या अंगणातनं दिसतोय. माळ बघून यायला कितीसा येळ लागला असता? पोरींनो, दुकान असू द्या, लॉज असू द्या, डोळ्यानं बघितल्याबिगर साइट करायची न्हाई. लांब असंल तर तिथल्या कुणाला तरी बघून या म्हणायचं. आता मी तसंच करतो आन् गिऱ्हाइकं चिडली तर चिडू देतो.

मॅडमनं पोरगं माझ्याकडनं घेतलं, खांद्यावर टाकून फिरवाय लागली. हात मोकळं झालं तसं डोस्कं चालाय लागलं.

"सायेब, फोटो बघितलासा?"

"बघितले. साइटवर आहेत."

"ते म्या कापलेलं हायत. आक्खं फोटो घरात हायत, बिस्किटाच्या डब्यात. खोली कुठली ते त्यात दिसंल तर दिसंल."

साहेबांनी पोलिसाकडं बघितलं. "मग जप्तीत का नाहीत?"

"सायेब, डब्यात बाळगुटी हुती," त्यो म्हणला.

शेजारच्या एसटीडीवर फोन करून सासूला निरोप धाडला. सासू रिक्षानं आली, डबा छातीशी धरून, तवा साहेब मला अजून "तू" करूनच इचारत हुते. टेबलावर डबा आपटला आन् साहेबालाच म्हणाली, "सायेब, आत येताना ऐकलं. माझ्या सुनंला अगंतुगं करू नगा. लेकुरवाळी हाय. इचारायचं त्ये इचारा, पण नीट इचारा." जी बाई माझ्या कॉम्प्युटरला डबडं म्हणून हिणवायची ती!

चादरीतला कॉम्प्युटर सोडला, मुद्देमाल म्हणून, दोन पोलीस बाजूला उभं. साहेबांच्या म्होरंच मी सीडी घातली. माऊस हिकडं तिकडं पळत हुता. फोटो उघडलं. खोली, खाट, खिडकी, आरसा.

"खाट आहे. खिडकी आहे. पुढं?" साहेब म्हणाले.

फुडं काय ते मला तरी कुठं ठाव हुतं? एक एक फोटो सरकवत ऱ्हायलो.

मागनं मॅडम म्हणाली, पोराला थोपटत थोपटत, "थांब गं. मागचा घे. ती चादर लोंबतीया न्हवं खाटंवरनं, त्यो कोपरा मोठा कर बगू."

मोठा केला. निळ्या शाईची गोल गोल अक्षरं.

"ही काय नक्षी?" साहेब.

"नक्षी न्हवं सायेब, कानडी हाय." मॅडमचं माहेर गडहिंग्लजच्या खालतीकडं, घरात कानडी बोलत्यात. मान वाकडी करून तिनं वाचलं. एका लॉजचं नाव, आन् खाली निपाणी. "चादरी चोरीला जाऊ न्हाईत म्हणून लॉजवाले शिक्का मारत्यात. बंदोबस्ताला गेल्यावर असल्याच चादरीवर निजतोय की आम्ही."

त्यो कोपरा मीच कापलाता. लोंबती चादर बरी दिसत न्हाई म्हणून.

मग साहेबांनी येळ लावला न्हाई, हे खरं हाय आन् मी ते सांगणार. निपाणीला माणसं धाडली, मला सांजच्याला घरी सोडलं. लॉजच्या मालकानं मी सांगितलेलं वर्णन ऐकून वळखलं, त्यो तिथला जुना मॅनेजर, काढून टाकलेला. सांगलीत सापडला, तिथं दुसऱ्या एका पोराकडनं दुसऱ्या देवस्थानाची साइट करून घेत हुता, त्याच खोल्यांचं फोटो देऊन. मला वळखायला बोलावलं. मान खाली घालून उभा हुता. तरी म्हणला, "अक्का, तुमचं काम लई छान हुतं." असा राग आला मला!

माझा जबाब झाला. साक्षीदार म्हणून. साहेब म्हणाले, "तुम्ही या आता." भायेर आल्यावर सासू म्हणाली, "ऐकलंस? तुम्ही म्हणला." आन् पोराला माझ्याकडनं घेतलं, म्हणाली, "जा, कॉम्प्युटर कवा देत्यात ते इचारून ये."

आता साहेबांच्या लेखाचा शेवट. त्यास्नी ह्या केसनं शिकवलं म्हणं, की गुन्हेगार काहीतरी मागं ठेवतोच. न्हाई सायेब. त्यानं काय ठेवलं न्हवतं. त्यो सीडी परत मागत हुता, एकदा दारात, एकदा फोनवर, मी दिली न्हाई. ठेवलं मी.

आन् "आमच्या पथकाने छायाचित्रांची बारकाईने तपासणी केली" असं लिवलंय तुम्ही. त्या पथकात कानडी वाचणारी एक बाई हुती, तिच्या खांद्यावर माझं पोरगं लाळ गाळत हुतं. दारात माझी सासू उभी हुती, पदर खोचून. माऊस माझ्या हातात हुता, हिकडं तिकडं पळत हुता, पण माझ्याच हातात हुता. ते समदं तुम्ही कापलं. पेपरात बरं दिसत न्हाई म्हणून कापलं असंल. मी बी कापतो की सायेब, माझा धंदाच हाय त्यो. पण कापणाऱ्यानं आक्खा फोटो जपून ठेवायचा असतोय.

तुमच्याकडं नसला तर हितं हाय. माझ्या नावावर.