बाई, एक दिवस गाडी द्या

मिस्त्री कुठेही गेले की आधी हात ठेवायचे, नमस्कार नंतर. पिठाच्या गिरणीत गेले की गिरणीवर, शिंप्याकडे गेले की शिवणयंत्रावर, नागपूरच्या मोटारीत चढले की समोरच्या सीटच्या दांडीवर. तळहात सपाट टेकवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हालून राहिली." गिरणीवाला म्हणायचा, गिरणी हालणार नाही तर काय कीर्तनाला बसणार? मिस्त्रींना ते ऐकूच जायचं नाही. एकदा आमच्या प्रसूतिगृहात येऊन त्यांनी माझ्या टेबलावर हात ठेवला आणि तेच म्हणाले. ते गेल्यावर मी टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सारली. टेबल खरंच हालत होतं आणि मला त्याचाच जास्त राग आला.

तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल. गावभर त्याच्या हाताची तारीफ चालते आणि आपलं काम त्याच्याकडे पडलं की आपण रडकुंडीला येतो. माझं काम मिस्त्रींकडे आठ महिने पडून होतं.

मी तेव्हा सौंसरला प्रसूतिगृहाची नर्सबाई होते. मोहगावच्या एका मालगुजारांच्या विधवेने आपली जुनी मोटार प्रसूतिगृहाला देऊन टाकली होती. अडलेल्या बाईला नागपूरला न्यायला तीच. एकदा सिल्लेवानीच्या घाटात इंजिन तापलं आणि आमच्या ड्रायव्हरने घाबरून त्यावर बादलीभर गार पाणी ओतलं. इंजिनाला उभी भेग गेली. तसलं इंजिन कुठे मिळेना. शेवटी लढाईनंतर लिलावात निघालेल्या एका जीपचं चार सिलिंडरचं इंजिन मिस्त्रींनी नागपूरहून बैलगाडीत घालून आणलं. ते उघडायचं, दुरुस्त करायचं आणि आमच्या मोटारीत बसवायचं, असं ठरलं.

काम घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बाई, मागच्या सीटवर कोण निजते?"

"अडलेली बाई," मी म्हटलं. "दुसरं कोण?"

"मंग टाइम लागन," ते म्हणाले.

मला वाटलं, महिनाभर.

महिन्याने गेले तर मोटार विटांवर उभी आणि इंजिनाचे तुकडे सतरंजीवर मांडलेले. मिस्त्री म्हणाले, चारही पिस्टन एका वजनाचे पाहिजेत, त्यांना जोडणारे चार दांडेही एका वजनाचे पाहिजेत. एक जरी जड असला तर इंजिन थरथरतं आणि ती थरथर मागच्या सीटपर्यंत जाते. "तुमचा लेकराचा काटा द्या ना जरा."

मी दिला. काय करणार? बाळं तोलायचा तो पाळण्यासारखा काटा, त्यात पांढरं फडकं घालून मिस्त्रींनी एकेक पिस्टन ठेवला. हात इतका हळू की मला माझ्या दायांना बोलावून दाखवावंसं वाटलं. चारही पिस्टनचं वजन सारखं आलं. मी म्हटलं, "झालं ना एकदाचं?"

मिस्त्रींनी मान हलवली. "बाई, तुमचा काटा मयाळू हाय. सगळ्याइले सारखंच म्हणते."

मग ते सोनाराकडे गेले. सोनार त्यांचा शेजारी, पण त्याचीही तऱ्हा होती. शुक्रवारी तो तराजूवर सोन्याखेरीज काही ठेवू द्यायचा नाही, तो लक्ष्मीचा वार. आणि शनिवारी मिस्त्री स्वतः लोखंडाला कानस किंवा छिन्नी लावत नसत. पाने फिरवायचे, नट आवळायचे, पण धातू कापायचा नाही, तो शनीचा वार. असे आठवड्यातले दोन दिवस देवाधर्मात जायचे. उरलेल्या दिवसांत मिस्त्री पिस्टनला आतून कानस मारायचे, सोनाराकडे जायचे, दोन गुंजा जास्त भरला म्हणून परत यायचे. सोनाराने तर एकदा आपल्या सवयीने पिस्टनचा पडलेला कीस ब्रशने गोळा केला आणि पुडीत बांधून मिस्त्रींना परत दिला. मिस्त्रींनी ती पुडी जपून खिशात घातली. दोघांपैकी एकालाही त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

हसत मीही नव्हते. त्याच वर्षी प्रांत फुटला. नागपूर मुंबईकडे गेलं आणि आम्ही भोपाळकडे. चौकात माणसं तावातावाने बोलायची, आपण मराठी माणसं इकडे कशी राहिलो म्हणून. मला त्या वादाला वेळ नव्हता. सरकारी कागद कुठेही जावोत, अडलेली बाई नागपूरलाच न्यावी लागायची आणि माझी मोटार विटांवर होती. बायांना मी छकड्यात घालून मोटार-स्टँडवर न्यायची आणि तिथून भरलेल्या मोटारीत, कोंबड्यांच्या आणि संत्र्यांच्या टोपल्यांच्या मधे बसवून पाठवायची. दर खेपेला मी मिस्त्रींना मनात शिव्या द्यायची. येताना त्यांच्या शेडवरून मुद्दाम जायची आणि दारातून विचारायची, "झालं का?"

"करून राहिलो ना, बाई," आतून आवाज यायचा.

सातव्या महिन्यात इंजिन मोटारीत बसलं. मला बोलावणं आलं म्हणून मी चांगलं लुगडं नेसून गेले. ड्रायव्हरने हँडल मारलं, इंजिन पहिल्या फेरीत सुरू झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मिस्त्रींनी दार उघडलं आणि ते मागच्या सीटवर आडवे झाले. मग ड्रायव्हरला म्हणाले, तो पाण्याचा गडवा दे. काठोकाठ भरलेला गडवा त्यांनी आपल्या पोटावर ठेवला, श्वास रोखला आणि पाण्याकडे बघत राहिले. मीही वाकून पाहिलं. पाण्यावर अगदी बारीक वळी उठत होती.

"हालून राहिली," मिस्त्री म्हणाले. "फ्लायव्हील हाय. काढा लागते."

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागचं ते जड लोखंडी चाक. त्याची एक बाजू भारी आहे, ती शोधून तिथलं थोडं लोखंड कमी करायचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "मिस्त्री, चालू मोटार आहे. मला चालू मोटार द्या." त्यांनी गडव्यातलं पाणी झाडाला घातलं आणि पाने हातात घेतले. मी पाय आपटत घरी आले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी बोरगावहून एक बाई आली. पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली, सोबत सासू. मी तिला तपासलं, छकड्यात घातलं, स्टँडवरच्या मोटारीने स्वतः नागपूरला घेऊन गेले. वाटेत दर खड्ड्याला ती माझा हात धरायची. ती वाचली. मूल मेलेलं निघालं.

शुक्रवारी सकाळी मी परत आले आणि थेट शेडमध्ये गेले. मिस्त्री सतरंजीवर बसले होते. समोर दोन सरळ लोखंडी पट्ट्या मांडलेल्या, त्यांच्यावर आस टेकवून फ्लायव्हील ठेवलेलं. ते बोटाने चाकाला हलकं ढकलायचे आणि ते थांबायची वाट बघायचे. भारी बाजू खाली येऊन थांबते, असं त्यांनी मला मागे सांगितलं होतं. मी दारातूनच म्हटलं, "तुमच्या गुंजा-माशापायी एक लेकरू गेलं, मिस्त्री."

त्यांनी चाकावरचा हात काढला.

"उद्या संध्याकाळी गाडी माझ्या दारात पाहिजे," मी म्हटलं.

"बाई, उद्या शनिवार हाय," ते हळू म्हणाले. "आज रातपर्यंत खूण पक्की होईन. रविवारी भोक पाडतो अन् सोमवारी गाडी देतो. एक दिवस द्या फक्त."

"उद्या," मी म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी गाडी दारात होती. फ्लायव्हील तसंच, भोक न पाडता, बसवलेलं. मिस्त्री किल्ली द्यायला स्वतः आले होते. माझ्या टेबलापाशी उभे राहिले, पण हात ठेवला नाही.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बोरगावच्या त्या बाईच्या पोटाला मी इथे सौंसरलाच ठोके ऐकायची नळी लावली होती. बराच वेळ लावली, जागा बदलून लावली. बाळाचे ठोके नव्हते. नागपूरच्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, हे कालच गेलेलं दिसतं. म्हणजे शेडच्या दारात उभी राहून मी ते वाक्य बोलले तेव्हा मला माहीत होतं की ते खोटं आहे. आठ महिन्यांचा राग होता, दोन रात्रींचं जागरण होतं, सासूचं ते रडणं कानात होतं. कुणाच्या तरी डोक्यावर ते ठेवायचं होतं आणि मिस्त्री समोर होते.

मोटार चालली. थरथरायची, पण चालली. पुढच्या दोन वर्षांत तिने किती बाया नेल्या आणल्या, मी मोजल्या नाहीत. मिस्त्री दर पंधरा दिवसांनी यायचे, दाराबाहेर उभे राहायचे. "बाई, एक दिवस गाडी द्या. तेवढं भोक पाडून देतो."

"आज नाही, मिस्त्री. आज मोहगावची केस आहे."

कधी केस असायची, कधी नसायची. एक दिवस दिला तर त्या दिवशी बोलणं निघेल, ही मला भीती. तुमच्यामुळे नव्हतं गेलं ते मूल, एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचंही म्हणावं लागणार, की मला ते तेव्हाच माहीत होतं. माझी जीभ एरवी गावात प्रसिद्ध, इथे नेमकी टाळूला चिकटायची.

गिरणीवाल्याने मला एकदा विचारलं, मिस्त्रींना काही झालं का? आले, दळण ठेवलं, गेले. गिरणीला हात लावला नाही. मी म्हटलं, वय झालं त्यांचं.

मग मिस्त्री नागपूरला मुलाकडे गेले. हद्द तिकडची झाली होती तरी अंतर तेच होतं, मोटारीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. मी केसेस घेऊन महिन्यातून दोनदा नागपूरला जातच होते. त्यांच्या मुलाचा पत्ता सोनाराकडून लिहूनही घेतला होता. दीड वर्ष तो कागद माझ्या पिशवीत होता. मग सोनारानेच सांगितलं की मिस्त्री गेले. कागद मी तरीही काढून टाकला नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात क्लच सरकायला लागला म्हणून मोटार पांढुर्ण्याला नेली. तिथल्या मेकॅनिकने गिअरबॉक्स खाली उतरवला आणि मला हाक मारली. "बाई, हे पाहा. कोनं तरी निशान करून ठेवलं."

फ्लायव्हीलच्या कडेला पंचाने मारलेला एक ठिपका होता. त्याच्याभोवती बारीक छिन्नीने गोल कोरलेला, आणि शेजारी खोली किती ठेवायची त्याची आडवी रेघ. जो कुणी पुढे उघडेल त्याला विचारायची गरज पडू नये, इतकं स्वच्छ. मेकॅनिक म्हणाला, "पाडू का भोक? घंट्याभराचं काम हाय."

वार कोणता ते मी आधी विचारलं. मंगळवार होता. मी म्हटलं, पाडा.

संध्याकाळी मोटार जोडून झाली. मी मेकॅनिककडून गडवा मागून घेतला, काठोकाठ भरला आणि मागच्या सीटवर आडवी झाले. या वयात, लुगड्यात, बाजारपेठेच्या तोंडावर. तो बिचारा तोंड फिरवून उभा राहिला. इंजिन सुरू झालं. मी गडवा पोटावर धरला आणि पाण्याकडे बघत राहिले. पाण्यावर वळी उठली नाही. पत्र्याचं छप्पर त्यात जसंच्या तसं दिसत होतं.

"काऊन, बाई?" मेकॅनिकने बाहेरून विचारलं. "हालून राहिली का?"

"नाही," मी म्हटलं. मग हात लांबवून दाराच्या पत्र्यावर तळवा टेकवला आणि जरा मोठ्याने पुन्हा म्हटलं, "नाही हालत, मिस्त्री."