मोघे सरांचं जुनं कार्ड

मोघे सर गेल्याचं मला अनघानं, त्यांच्या मुलीनं, फोनवर सांगितलं. महिन्याभरानं पुन्हा फोन आला. "मावशी, बाबांबरोबर तुम्ही पाच वर्षं काम केलंत, पेपरच्या पुरवणीसाठी काहीतरी लिहाल का?" लिहिते म्हटलं. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोडच बोलायची आपल्याकडे रीत आहे. मला ती कधी जमली नाही, आणि सरांच्या बाबतीत तर जमवायचीही नाही.

माजिवड्याला दोन खोल्यांत सरांचं काम चालायचं. खाडीकाठच्या बायकांची लग्नातली गाणी, म्हणजे धवले, टेपवर घ्यायचे आणि मी ते कॉम्प्युटरवर उतरवायचे. मुख्य गाणारी हौसाबाई. लग्न नसताना धवला म्हणायचा नसतो म्हणून ती आधी टेपरेकॉर्डरला हळद-कुंकू लावायची, मग डोळे मिटायची... उतरवलेलं वाचून दाखवलं की माझे उच्चार ऐकून हसायची. "तुजी जीब वलत नाय गो." कॅसेटी मोजक्याच, त्यामुळे एक गाणं उतरलं की त्याच कॅसेटवर पुढचं घ्यायचो. म्हणजे जे काही होतं ते फक्त त्या एका हार्ड डिस्कवर.

डिस्क आणि कॉम्प्युटरच्या मध्ये तेव्हा एक कार्ड असायचं, त्याला कंट्रोलर म्हणायचे. डिस्कवर काय कुठे लिहायचं ते कार्डच ठरवायचं, आणि प्रत्येक कंपनीच्या कार्डाची तऱ्हा वेगळी. एकानं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नसे. सरांना कुणीतरी सांगितलं, नवं कार्ड दुप्पट वेगानं चालतं. मी म्हटलं, "सर, आधी सगळं फ्लॉपीवर घेऊ." ते म्हणाले, "वायर बसतेय ना? मग झालं." आणि जुनं कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे भंगारात टाका." मी ते पर्समध्ये टाकलं. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

मशीन चालू झालं, डिस्कवरचं काहीच दिसेना. नवं कार्ड विकणारा आला, डिस्क गेली म्हणाला आणि हात झटकून निघून गेला. मग सर सगळ्यांच्या देखत, हौसाबाईच्या देखत, माझ्याकडे बोट करून म्हणाले, "या बाईंनी काहीतरी दाबलं. पाच वर्षं मातीत घातली." मी म्हटलं, "सर, जुनं कार्ड परत लावून..." "तोंड बंद ठेवा. उद्यापासून येऊ नका." माझा हात पर्सच्या चेनवर होता. मी चेन ओढून बंद केली आणि डोंबिवलीला घरी आले.

त्यानंतर ठाण्यात मला कुणी उभं केलं नाही. सरांनी माझं नाव जिथे तिथे पोचवलं होतं. मी घरीच टायपिंगचे क्लास घेतले. सर ती डिस्क घेऊन दारोदार फिरताहेत असं कानावर यायचं आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू? पुढे एकदा कल्याणच्या एका मंगल कार्यालयात भेटले, पार वाकलेले. "बाई, त्या गाण्यांतलं काही आठवतं का हो तुम्हाला?" मी वाट पाहिली. "चुकलो" एवढंच म्हणायचं होतं त्यांनी, कार्ड त्याच संध्याकाळी पोचवलं असतं. ते जिलबीच्या ताटाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "नाही आठवत."

अनघा, तू म्हणालीस की बाबांनी ती डिस्क शेवटपर्यंत कपड्यात गुंडाळून ठेवली होती. कार्ड माझ्याकडे आहे. तुझ्या डिस्कवरची गाणी त्यानं बहुतेक वाचता येतील. घेऊन ये. पण आधी तेव्हाच्या सगळ्यांना बोलाव आणि त्यांच्यासमोर म्हण की चूक बाबांची होती. मेलेल्या माणसाकडून वसूल करतेय असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

हौसाबाई परवाच्या वर्षी गेली. त्याआधी मी भेटायला गेले होते. नातीचं लग्न ठरलं होतं आणि तिचा आवाज पार बसला होता. तिनं माझा हात धरला. "माजी गानी हायेत नं गो?" मी म्हटलं, आहेत. लग्न धवल्यांशिवायच लागलं... तिच्यासाठी तरी ही अट सोडावी, असं रोज वाटतं.

सोडवत नाही.