पिशवीसकट तुळस

माझ्या आतेभावानं मला फसवलं. पैशांत नाही. पैशांत मला फसवणं सोपं नाही, हे शिरूरपासून न्हावऱ्यापर्यंत जुन्या मोटारींचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यानं मला माझ्याच घरातून पुसून टाकलं, आणि त्या घराची किल्ली मीच त्याच्या हातात दिली होती.

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणं हे माझं काम. आतली जळकी तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची. जुन्या मोटारी विकत घेतो, नीट करतो, विकतो. या धंद्यात मला कुणी हात धरून आणलं नाही. आई दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची आणि मी एका मिस्त्रीच्या शेडमध्ये तांब्याचे तुकडे वेचायचो, तिथून सुरुवात. त्याच धंद्यावर शिरूरमध्ये दोन मजली घर बांधलं. आता बायकोच्या गुडघ्यांना जिना झेपेना. मुलगी दौंडला शिक्षिका आहे. तिच्या शेजारी तळमजल्यावर जागा मिळाली, म्हणून शिरूरचं घर विकायला काढलं.

विकण्याची माझी एक रीत आहे. खोट आधी सांगायची, मग भाव. बेअरिंग आवाज करत असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी मीच म्हणतो, "कान लावून ऐका." खोट आपणच सांगितली की भाव पाडायला समोरच्याच्या हातात काही राहत नाही. मग मी भांडतो. लोक म्हणतात, हा माणूस तापट आहे, घासाघीस करताना घसा फोडतो. फोडतो. पण माझ्याकडून नेलेली मोटार परत आणून आजवर कुणी माझ्या दारात आपटलेली नाही.

पंधरा दिवस आम्ही दोघं घर साफ करत होतो. माणूस किती घाणीत राहतो ते घर विकायला काढल्याशिवाय कळत नाही. फ्रिजमागे पालीची अंडी आणि तेलकट धुळीचा थर. बेसिनच्या पाइपातून बोटभर जाडीची केसांची वात निघाली, ती ओढताना मला उलटी आली. गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी काळा गाळ होता, आणि तेच पाणी आम्ही पीत होतो. ग्रीसचे डाग फरशीतून निघेनात. बायको म्हणाली, "आता फरशीच भरून घ्या नवी, मोटारीसारखी." तेवढंच हसलो.

न्हाणीच्या मागच्या भिंतीला परातीएवढी ओल आहे. तिच्यावर पुट्टी मारायची नाही असं मी बजावलं होतं. घर बघायला आलेल्या माणसाला पहिली ती भिंत दाखवायची.

बजावलं ते या आतेभावाला. पूर्वी तो दोन वर्षं माझ्याच शेडमध्ये होता. आता जागांचा एजंट झालाय. पांढरा शर्ट घालतो, दोन फोन बाळगतो. त्याच्याआधी दोन गिऱ्हाइकं मला थेट फोनवर भेटली होती. दोघंही गोड बोलले. दोघांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत, आडनावावरून इकडं ते लगेच कळतं. त्यानंतर दोघांचेही फोन लागेनात. मी शिव्या घातल्या आणि विसरायचं ठरवलं. आतेभाऊ म्हणाला, "दादा, पार्टीशी तुम्ही बोलूच नका. तुमचा पारा चढतो. मला आठ दिवस द्या, घर असं तयार करतो की बघणारा बघतच राहील."

मला वाटलं, आपल्यातलाच आहे. किल्ली दिली आणि आम्ही दौंडची जागा लावायला गेलो.

आठव्या दिवशी वडगाव रासाईचं एक कुटुंब घर बघायला येणार होतं. मी सकाळच्या एसटीनं निघालो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळं पोहोचलो ते जेमतेम त्यांच्या अर्धा तास आधी. फाटकापाशी मला वाटलं, चुकून दुसऱ्याच्या दारात आलो.

चौकटीला प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं. अंगणात सिमेंटचं नवंकोरं वृंदावन आणि त्यात तुळस. दाराशेजारी माझ्या नावाची ग्रॅनाइटची पाटी होती, तिच्यावर माझ्या नावाखाली आईचं नाव. पाटीच्या जागी आता चार भोकं आणि फिकट चौकोन. आत गेलो. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर बुद्धाचा मोठा फोटो असायचा, घरभरणीच्या दिवशी आईनं स्वतःच्या मजुरीतून आणलेला. त्या खिळ्याला बालाजीचं कॅलेंडर लटकत होतं.

"फोटो कुठाय?"

"नीट ठेवलाय दादा. पोटमाळ्यावर."

पोटमाळा न्हाणीवर आहे. मी स्टूल घेऊन चढलो. कमोडचं तुटकं झाकण, फरशीवर घासायचा ब्रश, ॲसिडची रिकामी बाटली, आणि त्यांना टेकवून जुन्या चादरीत गुंडाळलेला बुद्ध. पाटी खाली आडवी पडली होती, एक कोपरा उडालेला. त्या भागात फिनेलचा वास येत होता.

खाली उतरलो तेव्हा तो उंबऱ्यावरचं कुंकू नीट करत होता. मी विचारलं, "ओल झाकलीस का?"

"न्हाई. तुम्ही सांगितलं व्हतं ना."

म्हणजे ओल त्यानं तशीच ठेवली होती. शब्द पाळला होता.

मी त्याच्या गळ्याला हात घालणार, एवढ्यात गाडी थांबली. एक शेतकरी, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. आतेभाऊ त्यांच्याकडं धावला आणि जाता जाता माझ्या कानात म्हणाला, "दहा मिनिटं गप ऱ्हावा. तुमच्याच भल्याचं हाय."

आणि मी गप्प राहिलो. हे लिहायला मला कुणी भाग पाडलेलं नाही, पण लिहितो. ज्या माणसानं आयुष्यभर खोट आधी सांगितली, तो स्वतःच्या घरात परक्यासारखा कॅलेंडरखाली बसून चहा प्याला. आतेभावानं त्यांना ओल दाखवली, त्यांनी मान डोलावली. शेतकरी म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत. असं सांगणारा मानूस भेटत न्हाई."

म्हातारी हॉलमध्ये बसलीच नाही. तिच्या घरची पूर्वी मेंढरं होती. मेंढरू घेताना त्याचं तोंड उघडून दात बघणाऱ्यांतली ती. ती वृंदावनापाशी उभी होती.

"किती वर्साची तुळस म्हनायची ही?" तिनं विचारलं.

आतेभाऊ म्हणाला, "आजी, घर बांधलं तवापासून हाय. वहिनी रोज पाणी घालत्यात."

म्हातारीनं मातीत बोटं घातली, खोड धरलं आणि झाड वर उचललं. तुळस सहज वर आली. खाली नर्सरीची काळी प्लास्टिकची पिशवी लोंबत होती.

"वहिनी पिशवीसकट पाणी घालत्यात व्हय?"

तिच्या सुनेनं तोंडाला पदर लावला. आतेभाऊ हसत म्हणाला, "आजी, ते आपलं... कुंडी बदलायची व्हती."

"आन् देव कुठं बसत्यात ह्या घरात? सैपाकघरात एक कोनाडा न्हाई, भिंतीला कुठं उदबत्तीचा डाग न्हाई." तिनं माझ्याकडं पाहिलं. "मालक, तुम्ही का बोलंना?"

मग मी बोललो. पोटमाळ्यावरून फोटो आणला, चादर काढली आणि वृंदावनाच्या कठड्यावर ठेवला. म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत. तुळस याची आहे, कॅलेंडर याचं आहे. घर माझं आहे."

शेतकऱ्यानं फोटोकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या चार भोकांकडं. म्हणाला, "आमास्नी तुमच्या जातीचं काय करायचं हाय? आमी घर बघाया आलोय." मग म्हणाला, "पर हे झाकलंत, तर आनखी काय झाकलं आसंल, सांगा."

माझं हत्यार माझ्याच गळ्यावर. मी ओलीकडं बोट दाखवलं, टाकी उघडून दाखवली. तो ऐकत होता, पण ऐकण्यात राम नव्हता. म्हातारी गाडीत बसताना म्हणाली, "घर झ्याक हाय मालक. पर आता परत्येक भिंत उकरून बघावी वाटंल." तिनं तुळस सोबत नेली. म्हणाली, हिला मातीत लावते, हिचा काय दोष.

शेतकरी जातीचं खरं बोलला की खोटं, मला माहीत नाही. त्यांचा फोन परत आला नाही. पिशवीची गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या आठवड्यात मोटार विकत घ्यायला आलेला एक ओळखीचा माणूस मला हसत म्हणाला, "आबा, ही मोटार पिशवीसकट तर न्हाई ना?" हे मला, माझ्याच शेडमध्ये.

आतेभावाचं म्हणणं वेगळंच. "दादा, दोन पार्ट्या आडनाव ऐकून पळाल्या का न्हाई? मी बाजार ओळखतो. मी काय वाईट केलं?" दोन पार्ट्या पळाल्या हे खरं आहे. त्यांची मला किळस आहे. पण त्या माझ्या ताटात जेवलेल्या नव्हत्या. त्यांनी फोन ठेवला, एवढंच. बुद्धाला कमोडच्या झाकणाशेजारी ठेवायला त्यांच्यातलं कुणी आलं नव्हतं.

आत्याचा खुटबावहून फोन येतो. "मिटवून टाक रं. घरातलाच हाय." मला मिटवायचं नाही. फोटो मी परत लावला. पाटीची चार भोकं मुद्दाम उघडी ठेवली आहेत. ज्यानं स्क्रू काढले त्यानं यावं, आत्याला घेऊन यावं, आणि उडालेल्या कोपऱ्यासकट पाटी स्वतःच्या हातानं बसवावी. त्याच्याही हॉलमध्ये तोच फोटो आहे, त्याच्या आईनं लावलेला. पाटी बसवून झाल्यावर त्यानं आत्यासमोर मला उत्तर द्यावं. मी त्याला घरातली खोट दाखवायला सांगितली होती. भिंतीची ओल त्यानं उघडी ठेवली आणि माझ्या आईचं नाव झाकलं. मग त्याच्या लेखी खोट कोणती होती?