फिटरमामांचा वॉर्ड

फिटरमामांसारखं भाषण तोडणं दुसऱ्या कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. साहेबांची, म्हणजे आमच्या नामांतर आघाडीच्या पुढाऱ्यांची, जीप यायला उशीर झाला की पूर्ण्याच्या सभेत माईक मामांच्या हातात. लोकोशेडमध्ये इंजिनांच्या खडखडाटावर मात करत ओरडून कमावलेला आवाज. पानटपरीवरची माणसं सभेत ओढून आणायचा. मैदान भरायचं, नामांतराच्या घोषणांनी दणाणायचं, आणि जीपचा हॉर्न वाजला की मामा वाक्य अर्ध्यात टाकून खाली उतरायचे. "इंजन तापवून ठिवलंय," म्हणायचे, "आता साहेबाला चालवू द्या."

आपल्या आवाजाचा त्यांना भारी गर्व. सभेआधी तोंडात खडीसाखर, ऐन उन्हाळ्यातही अंगात कोट. आघाडीची पत्रकं मी लिहायचो. वर साहेब, मग अध्यक्ष, मग व्यापारी मंडळी आणि तळाला 'इतर मान्यवर'. मामा पत्रक डोळ्यांपासून लांब धरून वाचायचे. "का रे लेखक, ह्यातला इतर मी का मान्यवर मी?" सगळे हसायचे, मीही हसायचो. पुढच्या पत्रकात त्यांचं नाव टाकावं, हे मात्र मला कधी सुचलं नाही.

नगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा मामांनी भर बैठकीत बाजारपेठेचा वॉर्ड मागितला.

"तो वॉर्ड खुला आहे, मामा," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले.

"म्हणून तर मागायलोय. खुल्यात मला मनाई हाय का?"

"छे, छे! तुम्ही तर घरचे. पण बाजारातलं वातावरण... आम्हाला काही नाही हो, लोकांना चालत नाही. पुढल्या खेपेला राखीव वॉर्डाचं बघू."

त्या बैठकीत 'जात' हा शब्द कुणी उच्चारला नाही. एवढे सुधारलेले आहोत आम्ही! मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मामा माझं ऐकायचे. मी म्हणालो, "मामा, तुम्ही उभे राहिलात तर विरोधकांना आयतं कोलीत मिळेल. चळवळीचा विचार करा."

चळवळीचा! नामांतरावरून अठ्ठ्याहत्तरला झालेल्या जाळपोळीत मामांच्या भावाचं खेड्यातलं घर जळालं होतं. आमच्या माळवदाला साधा धूरही लागला नव्हता. आणि चळवळीचा विचार मी त्यांना शिकवत होतो. तिकीट तेलाच्या व्यापाऱ्याच्या पोराला मिळालं. नामांतराच्या एकाही सभेला तो फिरकलेला नव्हता.

मामा अपक्ष उभे राहिले. दारोदार जाऊन नळाचं आणि नालीचं बोलायचे. मी स्वतः दुकानाच्या आडोशाला थांबून ऐकलंय, त्यापलीकडे एक शब्द नाही. बायका थांबून ऐकू लागल्या, दुकानदार बसायला स्टूल देऊ लागले. आमचे अध्यक्ष घाबरले आणि मी पत्रक लिहिलं: 'जातीच्या नावावर मतं मागणाऱ्यांना ओळखा!' त्यात मामांचं नाव नव्हतं. गरजच नव्हती.

पत्रक वाटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनसमोरच्या हॉटेलात मामा माझ्यापुढे येऊन बसले. पत्रक टेबलावर पसरलं.

"हे तूच लिवलंस."

"आघाडीनं ठरवलं, मामा."

"आघाडीला इतकं झणझणीत कुठं येतंय? बरं, म्या कोणत्या जातीचं नाव घेतलं, तेवढं सांग. म्या तर नळाचंच बोलायलो होतो."

"तुम्ही उभे राहिलात, तिथंच जात आली ना, मामा."

हे मी बोललो. कुणी शिकवलं नव्हतं, लिहूनही दिलं नव्हतं. मामांनी चहाचा घोट घेतला. "शाब्बास," म्हणाले. "तुज्या अध्यक्षाला एवढं सरळ बोलता आलं न्हाई बघ."

मामा पडले. तेलवाल्याचा पोरगा निवडून आला आणि मला आघाडीनं चिटणीस केलं. मी झालोही. वाचणाऱ्यांनी मला खुशाल शिव्या घालाव्यात, पण त्याआधी आपापल्या गावच्या पत्रकांचा तळ एकदा वाचून पाहावा.

पुढे मामा मुलीकडे मनमाडला कायमचे राहायला निघाले. त्यांना पोचवायला रेल्वे क्वार्टरांच्या लाईनीतली बरीच माणसं फलाटावर आली होती. मी लांब खांबाआड उभा होतो. त्यांनी पाहिलंच.

"या, या लेखक!" हाताला धरून त्यांनी मला सगळ्यांपुढे उभं केलं. "हा आपला पोरगा हाय. नामांतरासाठी लय लिवतो."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता, किंवा मला दिसला नाही. तो असता तर बरं झालं असतं.

गाडी सुटली. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. "तुमच्यासारखी पोरं आमच्या बाजूनं हायेत," तो म्हणाला, "म्हणून धीर येतो बगा."

मी हात काढून घेतले नाहीत.